चार नंबरच्या टेबलावरचा श्वास

नाक बसवून आठवडाही झाला नव्हता, तोच त्यानं भूत शोधून काढलं.

नाक म्हणजे भिंतीवरचं ते पांढरं खोकं. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, पण द्राक्षांच्या पॅकहाऊसमधल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. प्रत्येक टेबलामागे एक, अशी बारा नाकं. ती हवा हुंगायची आणि त्या टेबलावरच्या माणसांना भीती वाटते आहे का, आणि किती, ते शून्य ते शंभरच्या आकड्यात सांगायची. आकडा दिसायचा फक्त सुपरवायझर अलका धोमसे हिच्या टॅबवर. रोज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चार नंबरच्या टेबलाचा आकडा सत्तरच्या वर चढायचा, पाचेक मिनिटं तिथंच ठाण मांडून बसायचा आणि मग उतरायचा.

त्या वेळी तिथं काहीच घडत नसे. अलका स्वतः रोज त्या वेळी तिथंच उभी असे, त्यामुळे तिला ते पक्कं ठाऊक होतं. ना भांडण, ना आवाज. अंगात स्वेटर, त्यावर पांढरा एप्रन, डोक्याला जाळीची टोपी घालून बायका माना खाली करून घडांमधले बारके, डागी मणी कात्रीनं काढत असत.

"सुनंदा येती," ठकूबाई गांगुर्डे म्हणाली. ती हॉलमधली सगळ्यात जुनी बाई. "माणसाला नाय दिसत. मशिनीला दिसू राह्यली."

"गप बस. पोरींना घाबरवू नकोस," अलका म्हणाली खरी. पण हेच तिच्याही मनात पहिल्या दिवसापासून होतं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. निफाडच्या बाजूला हंगामात बायका पहाटे घर सोडतात, घाईत डबा घरीच राहतो. मग नवरा, दीर, सासू, कुणीतरी दुपारी तो आणून देतं. डबा घेऊन आलेल्या माणसाला फाटकावर अडवायचं नाही, असा तेव्हा इथला न लिहिलेला नियम होता. अन्नाला कुणी अडवतं का? सुनंदाचा नवरा पिशवी घेऊन आला. अलकानंच त्याला हसून आत सोडलं. "जा, चार नंबरला बसलीय," म्हणाली. पिशवीत डबा होता आणि डब्याखाली विळा. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेव्हापासून अलका रोज त्या वेळी चार नंबरपाशी जाऊन उभी राही. हात जोडायची नाही, तोंडानं काही बोलायची नाही. मनातल्या मनात सुनंदाची माफी मागायची आणि दुसऱ्या टेबलाकडे वळायची. अकरा वर्षांत कामाच्या दिवशी तिनं हे कधी चुकवलं नव्हतं.

आता या नाकाची भानगड काय ते सांगायला हवं. खोकी मुळात फळांसाठी आली होती. बंद, गार हॉलमध्ये फळ पिकायला लागलं की वायू सोडतं, तो हुंगायला. हुंगता हुंगता असं ध्यानात आलं की माणसंही काही कमी वायू सोडत नाहीत. मग दोन वर्षांपूर्वी, २०३४ साली, परदेशातल्या फळांच्या दुकानदारांनी अट घातली, की ज्या पॅकहाऊसमध्ये बायकांना मारहाण होते तिथला माल नको, आणि होत नाही याचा पुरावा द्या. तो पुरावा म्हणजे नाक. ते बसवायला नाशिकहून सानिका कुलथे नावाची इंजिनियर आली होती. पोरगी तिशीची, पण समजावून सांगायची हातोटी चांगली.

"आधीची यंत्रं रागावलेला माणूस शोधायची, ताई," ती म्हणाली होती. "चढलेला आवाज, वळलेल्या मुठी. त्यात फसगत व्हायची. ओरडणारा नुसताच ओरडतो, आणि मारणारा हसत येतो."

"हसतच आला होता," अलका पुटपुटली.

"म्हणून आम्ही उलट बाजूनं सुरुवात केली. मारणारा लपवू शकतो, मार खाणाऱ्याचं अंग लपवू शकत नाही. भीती वाटली की स्नायू आखडतात. स्नायूंमध्ये एक वायू साठलेला असतो, आयसोप्रीन. तो पिळून निघतो आणि पुढच्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. अगदी कणभर. पण तुमचा हॉल बंद आहे, हवा ठरलेल्या वाटेनं फिरते, त्यामुळे तो कणही सापडतो. श्वास रोखून धरला तर तेही कळतं. थंडीनं किंवा कामानं अंग आखडलं तर बाकीचे वायू वेगळे दिसतात, तो हिशेब यंत्र शिकलंय."

"म्हणजे भ्यालं कोण ते कळतं. कुणाला भ्यालं ते?"

"ते नाही कळत. ते माणसानं शोधायचं."

अलकानं ते काम अंगावर घेतलं. घेणारच. सुनंदानंतर तिनं हा हॉल किल्ल्यासारखा राखला होता. मोबाइल बाहेर, कात्री दोरीनं टेबलाला बांधलेली, कामात बोलणं बंद. मण्यांची जाडी मोजायची स्टीलची रिंग तिच्या बोटात कायम अडकवलेली असे. कुणाचं लक्ष उडालं की तीच रिंग त्या बाईच्या बोटांवर टक्कन बसायची. कधी टोपीखालच्या केसांना हलका हिसका, "आईनं हेच शिकवलं का?" म्हणून. फार लागायचं नाही, असं अलकाचं मत. तिला स्वतःला आईनं लाटण्यानं झोडपलं होतं, मास्तरांनी पट्टीनं. छडी लागे छमछम. त्याला कुणी मारणं म्हणतं का? पोरींना ती आपल्या लेकी मानत होती, आणि ते खोटं नव्हतं.

चार नंबरच्या टेबलावर सहा बायका. पाच जुन्या. सहावी वनिता गावित, सुरगाण्याकडची, बावीस वर्षांची, याच हंगामात आलेली. अलकानं हिशेब मांडला. भूत असो वा नसो, आकडा चढतो त्या टेबलावर नवी आहे ती हीच. आणि हिचा नवरा किसन रोज दुपारी डबा घेऊन फाटकावर येतो, अन् डबा देऊन जात मात्र नाही. समोरच्या बाभळीखाली संध्याकाळपर्यंत बसून राहतो.

दुसऱ्या दिवशी किसन आला तेव्हा ती स्वतः फाटकावर गेली.

"पिशवी उलटी कर."

"ताई, भाकर हाय फक्त."

"उलटी कर म्हणते ना!"

किसननं पिशवी उलटी केली. डबा मातीत पडला, झाकण उघडलं, नागलीची भाकरी आणि उडदाची भाजी धुळीत सांडली. दुसरं काही निघालं नाही. वॉचमननं त्याचे खिसे चाचपले, कमर चाचपली. काचेआडून सगळा हॉल बघत होता. किसननं खाली बसून भाकरीचे तुकडे गोळा केले.

"रोज इथं कशाला बसतोस?"

"तिला घेऊन जायला."

"टेंपो आहे ना सगळ्यांना सोडायला! उद्यापासून फाटकाच्या जवळपास दिसलास तर पोलीस बोलवीन."

त्या संध्याकाळी वनिता टेंपोनं गेली. अलका निश्चिंत झोपली. आपण यावेळी वेळेवर जागे झालो, असं तिला वाटलं.

आकडा मात्र उतरला नाही. दोन दहाला चार नंबर, रोजच्यासारखाच, सत्तर, बहात्तर. मग अलकाच्या दाढेनं उचल खाल्ली. अर्धा चेहरा सुजला, तेव्हा नाइलाजानं तिनं दोन दिवस रजा टाकली. तिच्या आठवणीत हंगामातली ही पहिलीच रजा.

परत आली त्या सकाळी सानिका तिच्या केबिनमध्ये बसली होती. महिन्याची तपासणी होती म्हणे. पण पोरगी अलकाकडे बघत नव्हती.

"ताई, या दोन दिवसांचा आलेख बघा."

अलकानं टॅब हातात घेतला. दोन वाजून दहा. चार नंबर. आकडा नऊ. दुसऱ्या दिवशी अकरा. नुसतं चार नंबरच नाही. बाराच्या बारा टेबलांच्या रेषा सकाळपासून सपाट पडल्या होत्या.

"बंद पडलं होतं का?"

"नाही."

"मग सुनंदा..." अलका बोलता बोलता थांबली.

सानिकानं टॅबवर बोट फिरवलं. आधीच्या दिवसांच्या रेषा आल्या. प्रत्येक टेबलावर छोटी टेकाडं, एकापाठोपाठ एक. आठ वाजता एक नंबर, आठ दहाला दोन नंबर, आठ वीसला तीन. भीती हॉलभर पायी फिरत होती. अलकाची फेरी याच वाटेनं, याच वेळांना असे. दोन दहाला ती चार नंबरपाशी पाच मिनिटं थांबायची, म्हणून तिथलं टेकाड सगळ्यात उंच.

अलकाला आधी राग आला, मग हसू येईलसं वाटलं, आणि मग ती एकेका टेकाडाची वेळ बोटानं मोजत गेली.

"अजून एक आहे," सानिका हळूच म्हणाली. "हे मला आधी दिसलंच नव्हतं. पंप चालू असताना बाजूचा पाइप गळतोय ते ऐकू येत नाही ना, तसं. तुम्ही रोज पाच ते सहा शेवटची फेरी मारता, तेव्हा सगळीच टेबलं साठच्या वर असतात. तुम्ही नव्हता, म्हणून हे उघडं पडलं."

दोन्ही दिवशी, संध्याकाळी पाच वीसला, सपाट रेषांमधून एकच सुळका वर गेला होता. चार नंबर. चौसष्ट.

"सहाला टेंपो येतो. घरी जायची वेळ जवळ आली की चढतं हे," अलका म्हणाली.

तिनं ठकूबाईला बोलावलं. ठकूबाई दारातच उभी राहिली, आत बोलावलेल्या बायका उभ्या राहायच्या तशी, हात एप्रनखाली लपवून. ते हात लपवणं अलकाला आज पहिल्यांदा दिसलं.

"ठकूबाई, मी नव्हते तर सुनंदा कशी आली नाही गं?"

ठकूबाई फरशीकडे बघतच बोलली. "माझा हा शेवटचा हंगाम हाये, ताई. डोळ्यांनी दिसत न्हाई आता. म्हणून सांगते. सुनंदा कधीच येत नव्हती. तुमीच येत व्हत्या."

"आणि तू मला भूत म्हणून सांगितलंस?"

"मंग काय सांगणार व्हते? तुमाला तुमचं नाव सांगू?"

अलका खुर्चीत मागे टेकली. ठकूबाई आता थांबायला तयार नव्हती. अकरा वर्षं दाबलेलं होतं ते.

"त्या दिशी सकाळी सुनंदा दोनदा उठली व्हती टेबलावरून. तुमाला सांगायला. नवरा रातभर विळ्याला धार लावीत व्हता, तिनं पाह्यलं व्हतं. पहिल्यांदा तुमी लांबूनच ओरडल्या, बस खाली. दुसऱ्यांदा ती तुमच्यापोहत आली, तर तुमी बोटांवर रिंग हाणली. मंग नाय उठली ती."

"तू का नाही सांगितलंस मला? तू तरी!"

"मी बी भेत व्हते ना," ठकूबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

अलकाला रडू आलं नाही. तिला फक्त इतकं कळलं की अकरा वर्षं आपण चुकीच्या गोष्टीची माफी मागत होतो. फाटक उघडल्याची मागत होतो. फाटकातून तर कुणीही फसलं असतं. त्याच्या आधी चार तास सुनंदा तिच्यापुढे उभी राहिली होती, तोंड उघडणारच होती, आणि त्या सकाळची अलकाला साधी आठवणही नव्हती. कुणाच्या तरी बोटांवर रिंग मारली हे लक्षात राहावं, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

पण आता पाच वीसचा तो सुळका होता, आणि वनिताला आज सहाला पुन्हा टेंपोत बसायचं होतं.

साडेचारला अलका टॅब घेऊन हॉलमध्ये गेली. बोटातली रिंग तिनं केबिनमध्ये काढून ठेवली होती. चालही मुद्दाम सावकाश ठेवली. टॅबवर एक नंबर चढला, दोन नंबर चढला. आपल्याच पावलांनी ती आकडे वर ढकलत चालली होती. चार नंबरपाशी पोचली तेव्हा तिथं अठ्ठावन्न होते.

"वनिता."

मुलगी ताडकन उभी राहिली. "हां ताई."

"बस, बस. एक विचारायचंय. संध्याकाळी तुला कशाची भीती वाटते?"

"नाय ताई. कशाची नाय."

सहासष्ट.

"कुणी त्रास देतं का? मला सांग. मी काही बोलणार नाही."

"नाय ताई." वनिता हसली. छान, स्वच्छ हसली. एकाहत्तर.

अलकानं आवाज आणखी मऊ केला. इतका मऊ आवाज तिनं स्वतःच्या मुलाशीही कधी काढला नव्हता. "मला भितेस का गं?"

"तुम्हाला कशाला भिऊ? तुम्ही तर आईसारख्या," वनिता म्हणाली, आणि टेबलावरच्या पाचही जणींनी माना डोलावल्या. "व्हय ताई, आईसारख्या," एकीनं लगेच री ओढली. सगळ्या हसत होत्या. कात्री कुणाच्याच हातात हलत नव्हती. टॅबवर एकोणनव्वद झाले होते.

अठरा वर्षं अलकानं ही हसरी तोंडं बघितली होती आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. मऊ आवाजानं काही होणार नव्हतं, माफीनंही नाही. आता माफी मागितली असती तर या सहाजणी आणखी घाबरल्या असत्या, आता ही काय करणार म्हणून. तिनं ठकूबाईला जवळ बोलावून टॅब तिच्या हातात दिला. "तू बस हिच्याजवळ. मी बाहेर जाते. मला हाक मारेपर्यंत येत नाही," एवढंच म्हणाली आणि दाराकडे वळली. मागे न बघताही तिला ठाऊक होतं की तिच्या प्रत्येक पावलाला आकडा उतरतो आहे.

बाहेर रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांपाशी ती उभी राहिली. काचेतून चार नंबर दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. वनिता आधी नुसतीच मणी काढत राहिली. मग तिचे ओठ हलले. मग थांबले. मग जे हलायला लागले ते थांबेचनात. ठकूबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा अलकानं तोंड फिरवलं.

पावणेसहाला ठकूबाई बाहेर आली. "टेंपोवाला. संपत. हिला शेवटी सोडतो रोज, पुढं बसवतो. अंगाला हात लावतो. ही वरडली तर काल चाकू दाखवला, म्हणला, उद्या टेंपो डोंगराकडून नेतो." ती थांबली. "म्हणून तिचा नवरा यायचा डब्याच्या निमित्तानं. तिला पायी घेऊन जायला. दुसरं काय करील तो गरीब?"

किसनला तिनंच हाकललं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिनं मारणाऱ्याला आत घेतलं, आणि या वेळी राखणदाराला बाहेर काढलं.

सहाला संपतचा टेंपो वाजत आला. अलका फाटकात आडवी उभी राहिली.

"काय ताई, आज तुम्ही स्वतः?" संपत हसत उतरला. मोठा अदबीनं वागणारा माणूस. दर दिवाळीला तिला फराळाचा पुडा द्यायचा.

"किल्ली दे."

"काय झालं? कुणी काही सांगितलं का? गैरसमज असंल, ताई. ह्या बायका काय..."

"किल्ली दे, संपत."

संपतनं किल्ली दिली आणि मालकाला कळवलं; लगेच मालकाचा फोन आला, पुरावा काय म्हणून. अलका म्हणाली, "यंत्राला तो दिसत नाही, साहेब. पण मुलगी बोललीय. आणि मी तिला बोलू न देणारी बाई आहे, तेही यंत्रात आहे. दोन्ही लिहून पोलिसांत देते." पोलीस आले तेव्हा सीटखाली चाकू सापडला. किसनला निरोप गेला होता, तो पळतच आला आणि सवयीनं फाटकाच्या बाहेर, वीस पावलांवर थांबला. अलकानं त्याला आत यायला सांगितलं. तो आला नाही. वनिताच बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी वनितानं जबाब दिला. शेजारी ठकूबाई बसली होती. अलका त्या खोलीत गेली नाही.

मालकाला तिनं लेखी दिलं, मला हॉलमधून काढा आणि फाटकावर बसवा. मालक म्हणाला, अठरा वर्षं काम केलेली माणसं अशी कशी काढायची? ती म्हणाली, काढा. मग त्यानं मान्य केलं. वॉचमनच्या पत्र्याच्या खोपटात तिला खुर्ची मिळाली, समोर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही.

पहिला दिवस लांबला. उन्हात रस्ता तापला होता, द्राक्षांच्या गाड्या येत-जात होत्या. दुपार कलल्यावर हॉलच्या बाजूनं एक आवाज आला. आधी तिला वाटलं, कुठलं तरी यंत्र बिघडलं. ती अर्धवट उठली. मग कळलं, आत बायका हसत होत्या. एक हसली, दुसरीनं त्यात भर घातली, आणि मग सगळा हॉल खदखदायला लागला. अलका खोपटाच्या दारात कान देऊन उभी राहिली. कोण हसतंय ते ओळखायचा तिनं खूप प्रयत्न केला. वनिता असेल का, ठकूबाई असेल का? तिला एकही आवाज ओळखता येईना. यातलं एकही हसू तिनं कधी ऐकलं नव्हतं.